सुसमय वॉच वर्क्स: कायमचे बंद

रविवारी सकाळी भार्गवीने मोजली तेव्हा दुकानात एकूण त्रेचाळीस घड्याळं होती. भिंतीवर सदतीस, काचेच्या कपाटात सहा. त्रेचाळीसपैकी एकतीस चालू, बारा बंद. चालू एकतिसांपैकी टोले देणारी एकोणीस. कोणतीही दोन चालू घड्याळं एकच वेळ दाखवत नव्हती. सगळ्यांत पुढचं आणि सगळ्यांत मागचं यांच्यात पाच तास बावीस मिनिटांचं अंतर होतं. मनगटी घड्याळं तिने मोजली नाहीत. ती बिस्किटांच्या डब्यांत होती आणि डबे उघडायला बाबांची परवानगी नव्हती.

ही मोजदाद कशासाठी, असं कोणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या माणसाला रविवारी सकाळी काहीतरी मोजावं लागतं. सोमवार ते शुक्रवार ती मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने मोजत असे.

दुकान तिच्या वडिलांचं, चारुदत्तांचं. नाव 'सुसमय वॉच वर्क्स'. रत्नागिरीच्या बाजारपेठेमागच्या एका बोळात, डावीकडे विनोदचं झेरॉक्सचं दुकान आणि उजवीकडे भिंत. दुकान आधी आप्पांचं होतं. आप्पा म्हणजे चारुदत्तांचे गुरू. त्यांनी घालून दिलेला नियम दुकानात अजून चालू होता: दुरुस्त झालेलं घड्याळ बरोबर वेळेला लावायचं नाही. जिथून चालू झालं तिथून आठ दिवस चालू द्यायचं, हात लावायचा नाही, आणि रोज ते किती सेकंद पुढे गेलं किंवा मागे पडलं ते खालच्या चिठ्ठीवर लिहायचं. "आपण घड्याळाला वेळ सांगायची नाही," चारुदत्त म्हणत, "आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं. घड्याळ रोज किती चुकतं याला महत्त्व नाही. रोज तेवढंच चुकतं का, याला आहे." खरी वेळ दुकानात एकाच ठिकाणी असे, ती म्हणजे चारुदत्तांच्या मनगटावर. ते घड्याळ रोज सकाळी सात वाजता रेडिओवर बातम्यांआधी वाजणाऱ्या शेवटच्या ठोक्याला लावलं जाई.

या माणसाचं निधन झाल्याचं कळलं ते सोमवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी. फोन त्यांनीच उचलला.

पलीकडून मंडणगडच्या हौसाआत्या बोलत होत्या. दोन वर्षांपूर्वी गजराचं घड्याळ दुरुस्तीला घेऊन आलेल्या, तेव्हा घरचा नंबर घेऊन गेलेल्या. त्यांनी विचारलं, हेमावैनी हायत काय. हेमा, म्हणजे चारुदत्तांची बायको, मागच्या पडवीत कपडे वाळत घालत होती. चारुदत्तांनी तसं सांगितलं. हौसाआत्यांनी उसासा टाकला आणि अशा वेळीही बाईमाणसाला कामं काही चुकत नाहीत असं म्हणाल्या. मग विचारलं, तुम्ही कोण, दीर काय?

"मी चारुदत्त."



"खरा सांगताव?" हौसाआत्या म्हणाल्या.

खुलासा व्हायला अठरा मिनिटं लागली. हौसाआत्या ज्या घराची देखभाल करतात, त्या घरात लंबकाचं एक साडेचार फुटी घड्याळ आहे. ते दुरुस्तीला न्यायचं ठरलं होतं. घराचा सध्याचा मालक म्हणजे त्यांचा भाचा सुजय, तो ठाण्याला असतो. आत्यांनी त्याला रत्नागिरीच्या घड्याळवाल्यांचं नाव सांगितलं. त्याने फोनवरच्या नकाशात बघितलं आणि सांगितलं की ते दुकान कायमचं बंद झालं. हौसाआत्यांनी त्यावर विचार केला. जो माणूस छत्तीस वर्षं एका खुर्चीत बसला, तो दुकान कशाने बंद करील? कारण एकच असू शकतं. मग त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि फोन लावला.

संध्याकाळी भार्गवीने नकाशा उघडला. सुसमय वॉच वर्क्स. त्याखाली तांबड्या अक्षरांत: कायमचे बंद. त्याखाली पुण्याच्या एका पाहुण्याने एक तारा देऊन लिहिलं होतं की तीन दिवस तीनदा सेल बदलायला आलो, तिन्ही वेळा शटर बंद, हे दुकान आता चालत नाही. पुरावा म्हणून त्याने शटरचे तीन फोटो जोडले होते. शटरवर पडलेल्या पाटीच्या सावलीवरून भार्गवीने वेळ काढली. एक पन्नास, दोन दहा आणि तीन पाच, चूक अधिक-उणे दहा मिनिटं.

एक ते चार या वेळात बोळात कोणाचंच दुकान उघडं नसतं. एकला जेवण, मग झोप, चारला चहा आणि शटर. हे पाटीवर लिहायचं कोणाला सुचलं नव्हतं, जसं दुकान रात्री बंद असतं हे कोणी पाटीवर लिहीत नाही. त्या तीन तासांत बोळात फक्त मांजरं फिरतात आणि पुण्याचे लोक.

हेमाचं म्हणणं सरळ होतं. त्या सुजयला एक फोन करायचा, मी आहे म्हणून सांगायचं, विषय संपला.

"मी जिवंत आहे हे सांगायला मी गिऱ्हाइकाला फोन करणार नाही," चारुदत्त म्हणाले आणि ताटावरून उठले. त्या दिवशी सोलकढी होती आणि त्यांनी ती दुसऱ्यांदा घेतली नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

ते इतकं गंभीर का, हे हेमाला ठाऊक होतं. एकोणीस वर्षांचे असताना चारुदत्त आप्पांबरोबर एसटीने मंडणगडला गेले होते. त्याच घरी, त्याच घड्याळासाठी. आप्पांनी घड्याळ उघडलं, दोन मिनिटं आत बघितलं, कुठेतरी तेलाचा एक थेंब सोडला आणि बंद केलं. चारुदत्त मागे कंदील धरून उभे होते, त्यांना आप्पांची पाठ तेवढी दिसली. परतताना आप्पा म्हणाले, पुढच्या वेळी तू उघड. पुढची वेळ आली नाही. आप्पा गेले, घराला कुलूप लागलं. दोन मिनिटांत आत काय होतं, यावर चारुदत्तांनी छत्तीस वर्षं विचार केला होता.

भार्गवीने बाबांना न सांगता सुजयला संदेश पाठवला. उत्तर सभ्य आलं. ताई, राग मानू नका, पण मागच्या वर्षी आजोबांचा ग्रामोफोन एका माणसाला दुरुस्तीला दिला. तो माणूस आणि ग्रामोफोन दोन्ही परत दिसले नाहीत. फोनवर कोणीही काहीही सांगतं. तेव्हापासून मी पडताळणी झालेल्या दुकानातच जातो. पुढच्या शनिवारी घड्याळ घेऊन मंडणगडहून निघतोय. तोवर तुमचं नकाशावर नीट झालं, तर हातखंब्याच्या फाट्याला उजवीकडे रत्नागिरीला वळेन. नाही तर सरळ पालीवरून कोल्हापूर, तिथे एक पडताळलेले आहेत.

पडताळलेले, हा शब्द भार्गवीने बाबांना वाचून दाखवला नाही. एवढंच सांगितलं की पुढच्या शनिवारपर्यंत वेळ आहे. चारुदत्तांनी बोटांवर दिवस मोजले.

"सोमवारी गेलो," ते म्हणाले. "म्हणजे तेराव्याला येतोय."

पडताळणीसाठी एक सलग चित्रफीत पाठवायची होती. तीत तीन गोष्टी दिसायला हव्या होत्या: आजूबाजूचा रस्ता त्याच्या नावासकट, दुकानाची पाटी, आणि दुकान आपणच चालवतो याचा पुरावा. भार्गवीला हे सोपं वाटलं. तिच्या अनुभवात तीन अटींचा प्रयोग हा सोपा प्रयोग होता.

पाटीपासून सुरुवात झाली. आप्पांच्या काळची निळ्या रंगातली पाटी जागेवर होती, पण विनोदच्या फ्लेक्सने तिची सुरुवात झाकली होती. फ्लेक्सवर झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, पॅनकार्ड आणि सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म असं लिहिलं होतं, आणि डाव्या कडेला स्वतः विनोद हात जोडून उभा होता. परिणामी रस्त्यावरून फक्त 'मय वॉच वर्क्स' वाचता यायचं आणि त्याला विनोद नमस्कार करताना दिसायचा. विनोद म्हणाला, ऑनलाइनचं मॅटर आहे ना, मग मला आधी का नाही विचारलं? नकाशाचं त्याला सगळं ठाऊक होतं. त्याच्या मते व्हिडिओ उत्तरेकडून काढायला हवा, कारण उपग्रह उत्तरेकडून बघतो. भार्गवीने या विधानाला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं, आणि हा निर्णय तिला पूर्ण दोन मिनिटं जड गेला. विनोद फ्लेक्स गुंडाळायला तयार झाला, फक्त चित्रीकरणापुरता, आणि त्याचंही दुकान दिसलं पाहिजे या अटीवर.

मग रस्त्याचं नाव. बोळाला पाटी नव्हती. समोर भाजी विकणाऱ्या मथुरामावशी म्हणाल्या, फणसाची गल्ली. फणस नऊ वर्षांपूर्वी तोडला होता, पण रिक्षावाले अजून फणसाकडेच सोडतात. विनोद म्हणाला, झेरॉक्सची गल्ली. असं म्हणणारा तो एकटाच होता. चारुदत्तांनी ट्रंकेतून विजेचं बिल काढलं. त्यावर पत्ता होता: मागील बोळ. कशाच्या मागील ते बिलाला माहीत नव्हतं. शेवटी कागदोपत्री तेवढंच नाव असल्यामुळे विनोदने 'मागील बोळ' असं मोठ्या अक्षरांत छापून, लॅमिनेट करून, कोपऱ्यावरच्या खांबाला बांधलं. मथुरामावशींना ते मान्य झालं नाही. आपण पुढे बसतो, मग बोळ मागचा कसा, हा त्यांचा मुद्दा होता. त्याला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

बुधवारी सकाळी भार्गवीने अर्ध्या दिवसाची रजा घेऊन चित्रीकरण केलं. इस्त्रीचा सदरा घातलेले चारुदत्त शटर उघडताना, दिवा लावताना, डोळ्याला भिंग लावून बसताना. मग भिंतीवरून सावकाश फिरवलेला कॅमेरा. दोन मिनिटं चौदा सेकंद, एकही खंड नाही. तिच्या मते हे निर्दोष काम होतं.

शुक्रवारी उत्तर आलं. चित्रफीत नामंजूर. ती सलग वाटत नाही. वेगवेगळ्या वेळी चित्रित केलेले तुकडे जोडल्याचं दिसतं. कृपया खरी चित्रफीत पाठवावी.

भार्गवीने चित्रफीत पुन्हा बघितली, एकेक चौकट थांबवत. एकतिसाव्या सेकंदाला साडेदहा वाजले होते. चौतिसाव्याला पावणेदोन. अडतिसाव्याला सव्वासात, पण ते घड्याळ बंद होतं. एक्केचाळिसाव्याला परत नऊ पंचवीस. कुठल्याशा शहरात बसून हे बघणाऱ्या माणसाचा तर्क निर्दोष होता. त्याच्या जागी तिनेही नामंजूरच केलं असतं. ही गोष्ट तिला रागापेक्षा जास्त टोचली.

उपाय उघड होता. सगळी घड्याळं एका वेळेला लावायची. तिने तो बाबांपुढे मांडला.

चारुदत्तांनी भिंग काढलं. दोन नंबरचं घड्याळ पाचव्या दिवशी होतं, अकरा नंबरचं सातव्या, सतरा नंबरचं पहिल्याच. कोणाला तरी आपला पत्ता कळावा म्हणून एकतीस घड्याळांना मध्येच गप्प करायचं हे त्यांना पटेना. तापात असलेल्या माणसाचा थर्मामीटर झटकून तो अठ्ठ्याण्णववर आणला तर ताप उतरतो का, असं त्यांनी विचारलं. उदाहरण शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं.

मधला मार्ग हेमाने काढला. घड्याळं हलवायची नसतील, तर झाका. शनिवारी सकाळी तिने घरातल्या धुतलेल्या पांढऱ्या चादरी आणि पंचे आणून दिले. दोन्ही भिंती नीट झाकल्या गेल्या, टाचण्या लावून. कडेने लंबकांचा टकटकाट तेवढा ऐकू येत होता. चारुदत्तांच्या हातून नेमका तेव्हाच एक स्क्रू खाली पडला, जेमतेम जिऱ्याएवढा, म्हणून ते विजेरी घेऊन टेबलाखाली गेले.

अशा वेळी मथुरामावशी कोथिंबिरीची जुडी द्यायला आल्या. त्यांनी दुकान बघितलं. दोन्ही भिंतींवर पांढऱ्या चादरी, खुर्ची रिकामी, खुर्चीवर भिंग, आणि दाराशी उभी पोर, तिचा चेहरा ओढलेला, कारण ती प्रकाशाचा कोन ठरवत होती. हौसाआत्यांच्या फोनची कथा बाजारात आठवडाभर फिरतच होती, म्हणजे अर्धं काम आधीच झालं होतं.

"कधी झाला गो बाय?" मथुरामावशी म्हणाल्या आणि उंबऱ्यावरच बसल्या. "काल तर माझ्याकडून वांगी नेलान."

भार्गवी काही बोलायच्या आत त्यांनी चारुदत्तांचे गुण सांगायला सुरुवात केली. कधी भाव केला नाही. कधी शब्द वाकडा काढला नाही. फक्त घड्याळ दिलं की लवकर परत देत नसे, पण तेवढं सोडलं तर देवमाणूस.

"आठ दिवस ठेवावंच लागतं," टेबलाखालून आवाज आला.

मथुरामावशींनी कोथिंबीर सोडली आणि त्या बोळाच्या टोकापर्यंत गेल्या ते मागे न बघता. त्यामुळे तिथपर्यंत पोहोचलेली बातमी अपुरी होती. दुपारपर्यंत दुकानावरून चार माणसं पांढऱ्या कपड्यांत जाऊन आली. एक निवृत्त हेडमास्तर आपलं घड्याळ मागायला आले, कारण नंतर घरच्यांना सापडत नाही असा त्यांचा पूर्वानुभव होता. चारुदत्तांनी त्यांना स्वतःच्या हातांनी पाणी दिलं आणि घड्याळ दिलं नाही, कारण दुसराच दिवस होता.

चादरींची चित्रफीत त्याच सकाळी पाठवली गेली. मंगळवारी उत्तर आलं: नामंजूर. दुकानात संबंधित व्यवसाय चालू असल्याचा कोणताही पुरावा दिसत नाही.

शनिवारला चार दिवस उरले होते. विनोदचं मत होतं की आता एखादं लग्नाच्या हॉलचं बिल जोडावं, सरकारी कामात ते चालतं. कशाला चालतं ते त्याला नक्की आठवत नव्हतं. भार्गवीने अर्जाच्या तळाशी दडलेला शेवटचा पर्याय शोधला: थेट व्हिडिओ कॉल. पडताळणी करणारा माणूस समोर असेल, त्याने विचारलं की आपण दाखवायचं. तिने वेळ मागितली. मिळाली. गुरुवार, दुपारी सव्वादोन. दुसरी वेळ पुढच्या महिन्यात होती. सोबत एक सूचना होती की दुकानातली परिस्थिती प्रत्यक्ष वेळेशी सुसंगत असावी. ही सूचना सगळ्यांना पाठवत असणार हे तिला कळत होतं. तरी तिने ती दोनदा वाचली.

"सव्वादोन," चारुदत्त म्हणाले. "दुपारी?"

ती हो म्हणाली.

"सव्वादोनला मी झोपलेला असतो."

हे ते तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. खांबाला दिवा असतो, तसा सव्वादोनला चारुदत्त झोपलेला असतो, एवढंच. भार्गवीला वाटलं संपलं. मिरजोळ्याला परत जावं, पाणी मोजावं, पाण्याला मान-अपमान नसतो. तेव्हा ताटं वाढता वाढता हेमाने विचारलं, "आप्पांनी ते मंडणगडचं किती मिनिटं उघडलं होतं?"

"दोन."

"मग? त्या दोन मिनिटांसाठी एका दुपारची झोप सोडता येईल," हेमा म्हणाली आणि भात वाढला.

बुधवारी संध्याकाळी चारुदत्तांनी घड्याळं लावली. आधी प्रत्येकाच्या चिठ्ठीवर त्या दिवसापर्यंतची नोंद पूर्ण केली, खाली रेघ ओढली आणि रेघेखाली लिहिलं: निरीक्षण अपूर्ण. मग काटे फिरवले. टोल्यांच्या घड्याळाचा काटा नुसता फिरवून चालत नाही, प्रत्येक अर्ध्या तासाला थांबून त्याचे टोले वाजू द्यावे लागतात, नाही तर मोजणी चुकते. एकतीस घड्याळांना दोन तास पन्नास मिनिटं लागली. बंद बारा घड्याळांची तोंडं भिंतीकडे केली. निवृत्त हेडमास्तरांना निरोप गेला की त्यांचे आठ दिवस परत पहिल्यापासून.

गुरुवारी दुपारी दोन वाजता त्या बोळात छत्तीस वर्षांत पहिल्यांदा एक शटर वर गेलं. आवाजाने विनोद बनियनवर बाहेर आला. मथुरामावशींनी लांबूनच, हात कपाळावर धरून, खुर्चीत कोण बसलंय ते नीट बघून घेतलं.

सव्वादोनला कॉल आला नाही. दोन एक्केचाळीसला आला. समोर तेजस्वी नावाची मुलगी होती, कानाला यंत्र लावलेली, आणि पुस्तकात लिहिल्यासारखं शुद्ध मराठी बोलणारी. तिने रस्ता दाखवायला सांगितला. भार्गवीने खांबावरचा 'मागील बोळ' दाखवला. हे नाव अधिकृत आहे का, असं तिने विचारलं. विजेचं बिल दाखवलं. कॉल तुटला. पुन्हा लागला. पाटी दाखवली. फ्लेक्स गुंडाळून धरलेला विनोद चित्रात आला आणि त्याने नमस्कार केला. कॉल पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा लागला तेव्हा तीनला दोन मिनिटं कमी होती. तेजस्वीने सांगितलं की आता मालकांनी, हा व्यवसाय ते स्वतः करतात, असं दर्शवणारा पुरावा सादर करावा. परवाना, हत्यारं, शिक्का, काहीही.

चारुदत्तांनी परवान्याची चौकट भिंतीवरून काढायला हात वर केला आणि तीन वाजले.

एकोणीस घड्याळांनी तीनचे टोले दिले. ती कधीच एकत्र वाजली नव्हती. पहिला टोला आणि शेवटचा टोला यांत फार तर वीस सेकंद गेले असतील, पण कपाटाची काच त्यानंतरही थरथरत होती. तेजस्वीने कानातलं यंत्र काढून धरलं. चारुदत्त हात वर असलेल्या अवस्थेत उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

"अठ्ठावन्न," ते म्हणाले.

एकोणीस त्रिक सत्तावन्न. भार्गवीच्याही लक्षात आलं, पण चार सेकंद उशिरा.

"सर," तेजस्वी म्हणाली, "आपण कृपया पुरावा..."

"थांबा हो जरा. इथे एक टोला जास्त पडलाय."

यानंतर चारुदत्त नकाशा विसरले. ते परवाना सोडून भिंतीकडे गेले, चार घड्याळांना नुसता कान लावला, पाचवं, म्हणजे सतरा नंबरचं, उतरवलं, टेबलावर पालथं घातलं आणि डोळ्याला भिंग लावलं. सतरा नंबर चार वाजवून मोकळं झालं होतं. त्यांनी मागची पट्टी काढली, चिमट्याने काहीतरी उचललं, फुंकर मारली, कानसीचा एक हलका हात फिरवला, परत बसवलं. कोणाकडे बघितलं नाही. एकदा फक्त "तरी मी म्हणत होतो, आठ दिवस झाले नव्हते त्याचे" असं घड्याळाच्या बाजूने पुटपुटले. भार्गवीचा फोन धरलेला हात दुखायला लागला. सात मिनिटं झाली. पलीकडून काहीच आवाज येत नव्हता, म्हणून तिला वाटलं कॉल परत तुटला.

"मॅडम," तेजस्वी हळूच म्हणाली, "त्यांना उठवू नका. पुरे एवढं."

शुक्रवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी तांबडी अक्षरं गेली. भार्गवीने वेळा भरल्या: नऊ ते एक, चार ते आठ. नकाशाचं एक चित्र काढून सुजयला पाठवलं. बरं, असं उत्तर आलं. उजवीकडे वळणार का, ते त्याने लिहिलं नव्हतं.

शनिवारी एक वाजता चारुदत्तांनी शटर खाली घेतलं, पण घरी गेले नाहीत. आतच बसले. भार्गवीही बसली. शटरच्या फटीतून बोळाची चार बोटांची पट्टी दिसत होती. एक बावन्नला त्या पट्टीत ठाण्याच्या नंबरची गाडी येऊन थांबली. मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांब, पट्टा लावून बसवलेलं होतं. एक तरुण उतरला. त्याने पाटी वाचली, विनोदचा नमस्कार वाचला, शटर बघितलं, मग फोन बघितला.

"बाबा," भार्गवी कुजबुजली, "आलेत ते."

"किती वाजले?"

"एक त्रेपन्न."

"नकाशावर काय लिहिलंयस तू?"

"चारला उघडेल."

"मग."

तिने सांगून बघितलं की कोल्हापूर तिथून तीन तासांवर आहे, आणि माणूस किती थांबेल याची काही खात्री नाही. चारुदत्तांनी मान हलवली. हे सगळं त्यांना मान्य होतं. पण ज्या दुकानावर चार लिहिलंय ते दोनला उघडलं, तर तेही चुकलेलंच दुकान. त्यांचे हात गुडघ्यांवर होते. उजव्या हाताचं पहिलं बोट स्वतःशीच हलत होतं, सेकंदाला एकदा. भार्गवीने ते मोजलं आणि बघायचं सोडून दिलं.

सुजय दोन तास आठ मिनिटांत चार वेळा गाडीतून उतरला. एकदा शटरपर्यंत येऊन त्याने हात उचलला आणि न वाजवताच खाली घेतला. तीन सतराला त्याने गाडी सुरू केली. चारुदत्तांचं बोट थांबलं. इंजिन अकरा मिनिटं चालू राहिलं आणि बंद झालं. त्याला बहुधा उकडत होतं.

चारला घड्याळं वाजू लागली. बुधवारपासून ती आपापल्या स्वभावाने थोडी थोडी विखुरली होती, त्यामुळे टोले जवळजवळ मिनिटभर पडत राहिले. शटर मात्र त्यांच्यासाठी थांबलं नाही. ते मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे चार वाजता, शून्य सेकंदाला, वर गेलं. बाहेर सुजय फोनकडे बघत उभा होता. त्याने फोन बघितला, चारुदत्तांकडे बघितलं, परत फोन बघितला. चारुदत्त शेवटचा टोला पडेपर्यंत टोले मोजत राहिले.

"शहात्तर," ते म्हणाले. "बरोबर आहेत. या."

सुजय आत आला. म्हणाला, "काका, माझ्यामुळे आत्याचा गैरसमज झाला. मला कळलं तुम्हाला घरी फोन..."

"हो, आज तेरावा," चारुदत्त म्हणाले. "बसा. हेमा चहा पाठवतेय. आधी ते आत घेऊ. लंबक काढून आणलाय ना वेगळा?"

लंबक वेगळा आणला होता, सुजयच्या दोन सदऱ्यांत गुंडाळून. चारुदत्तांनी तो हातावर तोलला. मग दोघांनी मिळून गोधडी टेबलावर ठेवली. चारुदत्तांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या, मागचं झाकण काढलं आणि आत बघितलं. भार्गवीने सवयीने वेळ घेतली. चाळीस मिनिटं.

घड्याळ साफ व्हायला सहा दिवस लागले. सातव्या दिवशी ते उजव्या भिंतीवर, सतरा नंबरच्या शेजारी, लागलं आणि जिथून चालू झालं तिथून चालू राहिलं. भिंतीवर आता अडतीस झाली, एकूण चव्वेचाळीस. खालच्या चिठ्ठीवर चारुदत्तांच्या अक्षरात आहे:

क्रमांक ४४. मंडणगड. पहिला दिवस, उणे अकरा सेकंद. दुसरा, उणे अकरा. तिसरा, उणे अकरा. चौथा, उणे अकरा. पाचवा, उणे अकरा. सहावा, उणे अकरा. सातवा, उणे अकरा. आठवा, उणे अकरा.